अक्काची गाडी

अक्कानं गाडी घेतल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून मी वर जेवायला निघाले होते, तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. बघते तर एक लांबलचक पांढरी गाडी. वडापची, सीटवर माणसं भरून नेणारी ट्रॅव्हलर असते तशीच, पण काचांना आतून पडदे आणि टपावर पाण्याची टाकी. पुढून दाजी उतरले. बाजूचं दार सरकलं, अक्का उतरली, आणि तिच्या मागून, दारावर बांधलेल्या एका लाल कापडी पट्ट्याला धरून सावकाश उतरली ती आमची आई.

अक्का माझी थोरली बहीण. कबनूरला दिलीय, दाजींचे तिथं यंत्रमाग आहेत. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात. ह्यांचं लेथचं वर्कशॉप आणि घराखाली माझं ब्लाउज शिवायचं दुकान. आई गडमुडशिंगीला भावाकडं राहते.

"आंब्याला ऱ्हाऊन आलो," आई म्हणाली. "घाटात गाडी लावली, अक्कानं भाकरी थापल्या, मुगाची आमटी केली. तिथंच झाडाखाली जेवलो की."

हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आईनं म्हटलं असतं तर त्यात काही विशेष नव्हतं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, गेल्यापासून आमची आई बाहेरचं काही खात नाही. पाणी गाळून पिते, दिवस मावळायच्या आत जेवते, आणि ज्या शेगडीवर कधी मांसमच्छी शिजली असेल त्या शेगडीवरचं तोंडात घालत नाही. लग्नाकार्याला गेली तरी डबा बरोबर. त्यामुळं तिचं कुठं जाणं म्हणजे सकाळी निघायचं आणि उन्हं उतरायच्या आत परत यायचं. आईला एकदा कुठंतरी लांब न्यायला पाहिजे, असं मी दरवर्षी म्हणायचे. अक्का म्हणाली नव्हती. तिनं नेलं.

तिनं मला गाडी आतून दाखवली. दोन बाक, ते ओढले की पलंग होतो. वर मुलांना झोपायला फळी. छोटा ओटा, शेगडी, भांडी घासायला बेसिन, मागच्या कोपऱ्यात पडद्याआड संडास. पडदे त्यांच्याच मागावरच्या कापडाचे, निळ्या रेघांचे. मुंबईच्या एका हौशी माणसानं ही गाडी करून घेतली होती आणि न वापरताच विकली होती, असं दाजींनी सांगितलं. अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काहीतरी चांगलं बोलावं, एवढंच तिला हवं होतं. मला ते जमलं नाही.

"डिझेल लई खात असंल की," मी म्हणाले.

पुढची दोन वर्षं मी आईला फोटोत बघितलं. घरच्यांच्या ग्रुपवर अक्का फोटो टाकायची. आई मालवणच्या वाळूत पदर सावरत उभी. आई कारकळला बाहुबलीच्या पायाशी. आई गाडीच्या दारात बसून शेंगा सोलतेय. भावजय फुलं टाकायची, भाऊ अंगठा टाकायचा, मी फोन उलटा करून मशीनवर ठेवायचे. गिऱ्हाइकांच्या बाह्या उसवायची वेळ माझ्यावर कधी येत नाही, पण त्या दिवसांत यायची.

शिवाय आई फोन करायची. जाईल तिथून. "धाकटे, मी कारकळात हाय बघ. केवढी मूर्ती हाय म्हणून सांगू. तू असतीस तर..." मी म्हणायचे, "बरं झालं गेलीस," आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगून ठेवून द्यायचे. मला वाटायचं, ही मला मुद्दाम ऐकवते. घरी आली की आणखी. चहा करायला ठेवला की अक्का गाडीत कशी गवती चहा घेऊन येते ते सांगायची. मी तिच्यासाठी वेगळं पाणी गाळत उभी असायचे आणि ती अक्काच्या गाडीतल्या गाळणीचं कौतुक करायची.

शेवटी मी ह्यांना म्हटलं, आपणही घेऊया, जुनी का असेना. हे काही म्हणायच्या आत पोरांनी एवढा दंगा केला की त्यांना विचार करायला सवड मिळाली नाही.

असल्या गाड्या आपल्याकडं फार नाहीत, आणि ज्यांच्याकडं आहेत ते विकत नाहीत. तरी ह्यांनी ओळखीपाळखीत विचारून दोन-तीन शोधल्या. पहिली सातारच्या बाजूला होती. दार उघडलं आणि कुत्र्याचा वास आला. मालकानं तो वास येतो हे कबूलच केलं नाही. दुसरी पन्हाळ्याकडच्या एका बागायतदाराची. ती मला बघताक्षणी आवडली. अक्काच्या गाडीपेक्षा मोठी, बाक रुंद, खिडक्यांना जाळ्या. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले. मालक मोठ्या मनाचा माणूस होता. ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पावणं, ह्या शेगडीवर वीस माणसांचा तांबडा रस्सा झालाय. गोव्यापतोर घमघमाट गेलता."

आम्ही चहा घेतला आणि परत आलो. येताना हे म्हणाले की शेगडी बदलू, ओटा नवीन बसवू, सगळं धुऊन काढू. आईला सांगायचंच कशाला? पण आई विचारणार हे मला माहीत होतं, आणि तिच्या तोंडावर खोटं बोलून तिला जेवू घालायचं मला जमलं नसतं. मी तिला फोन करून सरळ सांगितलं. ती रागावली नाही. "ऱ्हाऊ दे की," म्हणाली. "माझ्यासाठी नगं घ्यायला. तुम्ही घ्या, पोरांना न्या. मला अक्कानं नेलंय की सगळीकडं."

ते वाक्य मी बरेच दिवस घेऊन हिंडले.

आणि मग अक्काचा फोन आला. गाडी काढून टाकायची म्हणत होती, विकायची. मुलगी शिकायला बेंगळुरूला गेली, दाजींची पाठ धरते, गाडी मागाच्या शेडशेजारी नुसती उभी असते. एकाला बघायला बोलावलंय, पण परक्याला कशाला. "तूच घे की," ती म्हणाली. "आईला पण चालंल."

मी तिला बघते म्हणाले आणि ह्यांना नाही म्हणून सांगितलं.

ह्यांना कळेना. घरची गाडी, माहितीतली, त्यात कधी अंडंसुद्धा उकडलेलं नाही. हे दोघंच भाऊ आणि दोघांच्या मापात जमीन-अस्मानाचा फरक. एकाचे कपडे दुसऱ्याला घालायची वेळच आली नाही. मी मात्र दहावीपर्यंत अक्काचं उतरलेलं घातलं. तिचे फ्रॉक, तिचं दप्तर, तिची सायकल, तिची कंपासपेटी. दरवेळी ती वस्तू माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जपून वापर हं." माझी झाल्यावरसुद्धा ती वस्तू तिचीच असायची. चाळिशी ओलांडली, स्वतःचं दुकान झालं, दोन बायका हाताखाली आहेत, आणि आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची तर तीही अक्काचीच?

हे एवढंच म्हणाले, "गाडी कशासाठी घ्यायचीय ते एकदा ठरव. आईसाठी, का अक्कासाठी?"

त्या रविवारी गाडी घ्यायचं ठरवून आम्ही कबनूरला गेलो. शेडमधून मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं अक्का सगळं ओरडून सांगत होती. टाकी कशी भरायची, बाक कसा ओढायचा, दार लावताना काय काळजी घ्यायची. हे लक्ष देऊन ऐकत होते, मी बघत होते. पोरं वरच्या फळीवर चढून बसली ती उतरायचं नाव घेईनात. दाजी घरातल्या घरात व्यवहार कसला म्हणाले, पण मी ऐकलं नाही. परक्यानं जे दिलं असतं तेच आम्ही दिलं. आणखी एक वस्तू फुकट घेऊन तिच्या उपकाराखाली राहायची माझी तयारी नव्हती. निघताना अक्कानं गाडीच्या अंगावरून हात फिरवला. मी वाट बघत होते, आता म्हणेल, जपून वापर. ती आत निघून गेली.

घरी आणल्यावर मी पहिल्यांदा पडदे काढले. दुकानातल्या ताग्यातलं हिरवं कापड घेऊन नवे शिवले. ओट्याखालच्या डब्यांवर अक्काच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, साखर, तांदूळ, मूगडाळ, त्या पाण्यानं भिजवून खरवडल्या. तिचे हूक, तिचा आरसा, दारावरचा लाल पट्टा, सगळं एका पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. पोरगी म्हणाली, "आई, मावशीनं किती छान लावलं होतं." मी तिला चिठ्ठ्या खरवडायला बसवलं.

पहिल्या सहलीला आईला घेऊन जायचं हे ठरलेलंच होतं. कुठं, हे ठरेना. ज्या गावाचं नाव काढावं तिथं आई अक्काबरोबर जाऊन आलेली. शेवटी बदामी सापडली. तिथल्या लेण्यांत एक आपलं, जैनांचं आहे, तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, आणि अक्का तिकडं फिरकलेली नव्हती. मी अक्काला काही कळवलं नाही.

गडमुडशिंगीला भावाच्या दारात गाडी उभी केली. आई नवं लुगडं नेसून तयार होती. एक पाय पायरीवर ठेवला, सवयीनं हात वर केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. तिथं धरायला काही नव्हतं. ह्यांनी हात पुढं केला, पण जावयाचा हात धरून चढायची ती नव्हे. भाऊ स्टूल आणायला आत पळाला. आई मोकळ्या दाराकडं बघत उभी राहिली. मी ओढणी काढली आणि वरच्या दांड्याला गाठ मारून दिली. ती धरून आई वर आली, बसली, आणि म्हणाली, "पडदे बदललास व्हय?"

"व्हय."

"हे पण बरे हायत."

हे पण. निपाणीपर्यंत मी त्या दोन शब्दांवरच होते.

संकेश्वर सोडलं तशी पोरं गाणी म्हणायला लागली आणि मलाही बरं वाटायला लागलं. दोन्ही बाजूला ऊस, मग तंबाखू, मग मोकळं रान. आईला खिडकीतून बघायला फार आवडतं. ती मधूनमधून सांगत होती, अक्का अशा ठिकाणी चहाला थांबायची, अक्का दुपारी बाक ओढून मला आडवं करायची. मीही बाक ओढला, तिला आडवं केलं. गोकाकच्या पुढं उन्हं उतरायला लागली तेव्हा ह्यांनी एका जोंधळ्याच्या शेताच्या कडंला गाडी घेतली. मी भाकरी थापल्या, बिनकांद्याचं पिठलं केलं. दिवस बांधाच्या वर असतानाच आई जेवायला बसली. तव्यावरची गरम भाकरी मी तिच्या ताटात टाकत होते, वारा येत होता, आणि तिनं आणखी अर्धी मागितली. घरी ती एकाच्या पुढं जात नाही. दोन वर्षं फोटोत बघितलेलं सगळं आता माझ्या समोर, माझ्या हातानं चाललं होतं.

आवरून निघायला लागलो तर दार लागेना.

ह्यांनी ढकललं, ओढलं, पट्टीला तेल सोडलं. दार अर्ध्यावर येऊन अडकायचं. रोज लोखंडाशी खेळणारा माणूस, पण काही केल्या जमेना. दिवस मावळला. मी म्हटलं, दोरीनं बांधून हळूहळू जाऊ. हे चिडले. तेवढ्यात पोरीनं मला न विचारता मावशीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

अक्कानं पहिल्याच रिंगला उचलला. खालचा कोपरा गुडघ्यानं आत दाबायचा, मूठ वर उचलायची आणि मग दार सोडून द्यायचं, ढकलायचं नाही. ह्यांनी तसं केलं. दार लागलं.

"कुठं हाय तुम्ही?" अक्कानं विचारलं.

"बदामीला चाललोय," मी म्हणाले.

"आई जेवली?"

"जेवली. दिवस असतानाच."

"मला वाटलं हुतं, पहिल्या फेरीला मला बोलावशील."

सगळे ऐकत होते. "जागा न्हाय गं," मी म्हणाले.

आईच्या शेजारची सीट मोकळी होती. तिच्यावर आईची पिशवी ठेवली होती.

"असू दे," अक्का म्हणाली. "टाकीतलं पाणी तेवढं बघ." आणि तिनं फोन ठेवला.

आईनं हात लांब करून पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली. बदामी येईपर्यंत ती सीट तशीच मोकळी राहिली.

तिथं एका लॉजच्या आवारात विचारून गाडी लावली. सकाळी आईला घेऊन लेण्यांच्या पायऱ्या चढलो. तांबडा दगड, खाली तळं, माकडांची पळापळ. आई दर वळणावर टेकत, दम खात चढली. आपलं लेणं सगळ्यात वर, सगळ्यात लहान. आत गेल्यावर ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या बाजूला. आता ती माझ्याकडं वळून काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. ती वळली. डोळे भरले होते.

"अक्काला फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला. व्हिडिओचा फोन. अक्काच्या मागं खडखडाट ऐकू येत होता. आई फोन मूर्तीकडं धरायची, परत स्वतःकडं वळवायची, मध्येच छत दिसायचं. "हे बघ की. दिसतंय का? कसं कोरलंय बघ. तू असतीस तर..."

हेच वाक्य. हाच आवाज. फक्त या वेळी मी फोनच्या या बाजूला होते आणि मला आईचा चेहरा दिसत होता. तिथं ऐकवणं वगैरे काही नव्हतं. समोर एवढं सुंदर काहीतरी होतं आणि तिच्या दोघी लेकींपैकी एक तिथं नव्हती, म्हणून ती कावरीबावरी झाली होती.

"बरं झालं गेलात," अक्का म्हणाली. मागाकडं कुणी आलंय असं सांगून तिनं ठेवून दिलं.

तो आवाज मी ओळखला. मला आनंद झाला. बहिणीला असं वाटतंय म्हणून आनंद व्हावा हे बरं नव्हे, पण झाला. खालच्या पायरीला पोचेपर्यंत टिकला. मग आईला तळ्याच्या काठी बसवून मी पाणी आणायला गेले, आणि तिथं उभं राहून अक्काला लिहिलं की पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याला जायचंय, तू येणार का. तिनं लगेच लिहिलं, येतो. आम्ही बायकाही असंच म्हणतो, येतो, जातो. बाहेरच्यांना हसू येतं.

वेंगुर्ल्याला आईबरोबर अक्काही आली. कबनूरहून बसताना तिनं पडद्यांकडं बघितलं आणि हिरवा रंग उन्हात उडतो असं सांगितलं. मिठाचा डबा डावीकडं ठेवायचा की उजवीकडं, यावरून आंबोलीपर्यंत आमचं चाललं होतं. शेवटी मी म्हणाले, "अक्का, गाडी माझी हाय." थोड्या वेळानं तिनं स्वतःच डबा उजवीकडं ठेवला, मला हवा होता तिथं.

दुपारी समुद्रावर पोरं वाळूत भिजून आली आणि दारात बसून भाकरीवर तुटून पडली. अक्का त्यांना वाढत होती. ह्याला आणखी, तिला आणखी. ताटं रिकामी झाली तरी ती पोरांकडंच बघत होती. मी विचारलं, गाडी का काढलीस खरं सांग. दाजींची पाठ वगैरे ठीक आहे.

"मागं वळून बघितलं की वरची फळी रिकामी दिसायची," ती म्हणाली. "पोरगी फोनसुद्धा उचलत न्हाय आता धड. तुझं बरं हाय."

माझं बरं आहे, असं अक्कानं मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. मी तिच्या ताटात भाकरी टाकली. तिनं नको म्हटलं नाही.

परत येताना आधी कबनूर करायचं, मग आईला गडमुडशिंगीला सोडायचं आणि घरी जायचं, असं ठरलं होतं. कबनूरला गाडी थांबली. अक्का उतरली, पोरांच्या गालावरून हात फिरवला, माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी दार लावायला वळले तर आई उठून उभी राहिलेली. हातात पिशवी.

"हितंच ऱ्हातो चार दिवस," ती म्हणाली. "पोरगी गेल्यापासनं एकटी पडलीया ती."

मी तिला ओढणीला धरून उतरवलं. एव्हाना ती ओढणी त्या दांड्यावरच राहायला लागली होती. दोघी हळूहळू घराकडं चालायला लागल्या, आईचा हात अक्काच्या दंडावर. आठवडाभर मी तिला गरम भाकरी घातली, पाणी गाळून दिलं, समुद्रात हात धरून उभी राहिले, आणि शेवटी पिशवी अक्काच्याच दारात गेली.

हायवेला लागल्यावर पोरीनं मागून हाक मारली. आजीची शाल सीटवर राहिली होती. ह्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि फिरवू का म्हणून विचारलं.

"नको," मी म्हणाले. "आई न्यायला येईल की."

शाल घडी करून मी मांडीवर ठेवली.